स्क्रू उजवीकडे, बायको डावीकडे

मिस्त्रींचा पुढचा दुसरा दात पडला तो एका मालट्रकच्या बॉनेटखाली, आणि तो शोधण्यात त्यांनी अर्धा तास घालवला. सापडून काही तो परत बसणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ज्या दातांनी तीस वर्षं घर चालवलं, त्यातला एक असा ऑइलच्या डबक्यात पडून राहावा हे त्यांना बघवेना.

दातांनी कुणाचं घर चालतं, असं तुम्ही विचाराल. मिस्त्रींचं चालायचं. लहानपणी त्यांचे दोन्ही कान वाहिले ते इतके वाहिले की पडदे पार गेले. कानात घालायचं मशीन आणलं की आठ दिवसांत कान पुन्हा वाहायला लागायचे. मग मशीन कपाटात आणि कापूस कानात. पुढे गॅरेजात कामाला लागल्यावर एकदा दोन्ही हात अडकले म्हणून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला. त्याचं टोक चुकून चालू इंजिनाला टेकलं आणि मिस्त्री जागच्या जागी उडाले. अख्खं इंजिन डोक्यात बोलत होतं! कुठला टॅपेट टकटकतोय, कुठलं बेअरिंग रडतंय, सगळं लख्ख.

तेव्हापासून त्यांची ख्याती झाली. माणसं गाडी बरी असली तरी यायची, नुसती गंमत बघायला. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून डोळे मिटायचे, इंजिनावर चार ठिकाणी टोक टेकवायचे आणि बोट दाखवायचे. उघडून बघा, आजार तिथेच! "ऐकून कळतं त्याला उघडायचं कशाला?" हे त्यांचं पेटंट वाक्य. समोरच्या फुटपाथवर लॅपटॉपवाल्यानं गॅरेज टाकलं, गाडीला वायर जोडून पडद्यावर चित्रं दाखवू लागला, तरी मिस्त्री नुसते हसायचे. हसताना दात दिसायचे, तोवर ठीक होतं.

पण एक पडला, मग हा दुसरा, आणि तिसरा डुलायला लागला. कवळी करून झाली. कवळीतून इंजिन ऐकणं म्हणजे गोधडीत तोंड घालून जेवणं. दोन महिन्यांत मिस्त्रींचं दोनदा चुकलं. एका बसच्या इंजिनाचं तर अख्खं हेड खोलून ठेवलं, आणि आवाज येत होता बाहेरच्या ढिल्या पुलीचा. बसवाला नुसता समोरच्या फुटपाथकडे बघत राहिला. मिस्त्रींनी ते बघणं बरोबर ऐकलं. आणखी एकदा चुकलं की तीस वर्षांचं नाव रस्ता ओलांडून पलीकडे जाणार. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते घरी एक अक्षर बोलले नाहीत.

घरी म्हणजे मिस्त्रीणबाईंना. त्या दोघांची बोलायची रीत आधी सांगायला हवी. साधंसुधं बोलणं मिस्त्री ओठ बघून ओळखायचे. पण महत्त्वाचं काही असलं की मिस्त्रीणबाई हातातलं काम टाकून यायच्या, मिस्त्रींच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, कानामागच्या हाडावर हनुवटी घट्ट टेकवायच्या आणि हलक्या आवाजात बोलायच्या. सगळं आत पोचायचं. सासू होती तोवर हे चोरून चालायचं, आता राजरोस चालतं. शेजारच्या बायका खिडकीतून नुसतं "अहो" म्हणतात आणि नवरे धावत येतात, हे बघून मात्र त्यांचा जीव जळायचा.

"तीस वर्षं चालून चालून सांगतेय मी तुम्हाला," एकदा त्या हनुवटी टेकवून म्हणाल्या. "मान वाकडी झाली माझी. एकदा, फक्त एकदा, मी लांबून अहो म्हणावं आणि तुम्ही ओ द्यावी. मग मेले तरी चालेल."

"मग नको," मिस्त्री म्हणाले. "जेवायला कोण घालेल?"

म्हणून मिस्त्री आपल्या पायांनी कानाच्या दवाखान्यात निघाले, तेव्हा बाईंना आनंदानं काय करू नि काय नको झालं. हे आपल्या हाकेसाठी चाललेत, असं त्यांनी धरलं. मिस्त्रींनी धरू दिलं.

कानाच्या डॉक्टर वयानं तरुण, आवाजानं हेडमास्तर. त्यांनी धातूचा चिमटा ठोकून मिस्त्रींच्या कानाजवळ धरला. शांतता. तोच कानामागच्या हाडावर टेकवला आणि मिस्त्रींचा चेहरा उजळला.

"आतला कान ठणठणीत आहे, फक्त रस्ता बंद आहे," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोक्याला पट्टा बांधला. पट्ट्यावर काडेपेटीएवढं मशीन होतं, ते हाडावर दाबलं की बोलणं ऐकू यायचं. मग त्या म्हणाल्या, "आपण हाडातूनच नवा रस्ता काढू. कानामागे एक छोटा स्क्रू बसवायचा. हाड त्याला धरून ठेवतं. वर खुंटी राहते, तिच्यावर हे मशीन टिचकन बसतं."

स्क्रू म्हटल्यावर मिस्त्री खुर्चीच्या टोकाला आले. "मटेरियल काय?"

"टायटॅनियम."

"लांबी?"

"चार मिलिमीटर."

"आटे बारीक की जाड? वायसर लागतो? किती ताकदीनं आवळता?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. एवढे प्रश्न त्यांना परीक्षेतसुद्धा कुणी विचारले नव्हते. त्यांनी दोन पद्धती समजावल्या. जुन्या पद्धतीत लांब छेद घ्यायचा, हाड डोळ्यांनी बघायचं, आजूबाजूची कातडी आतून पातळ करायची. जखम भरायला वेळ लागतो, तिथे केस येत नाहीत. नव्या पद्धतीत गोल पंचनं कातडीला पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात नळी ठेवायची आणि सगळं काम नळीतून करायचं. टाका नाही.

"म्हणजे उघडायचंच नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग प्रश्नच मिटला. ऐकून कळतं त्याला उघडायचं कशाला?"

"कुठल्या बाजूला बसवू?"

"बसवा कुठेही," मिस्त्री म्हणाले.

"उजवीकडे," मिस्त्रीणबाई चटकन म्हणाल्या. "डावी बाजू माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कागदावर उजवी लिहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी फक्त जागेपुरती भूल होती, मिस्त्री टक्क जागे. डाव्या बाजूला पट्ट्यावरचं मशीन लावलेलं, म्हणजे सूचना ऐकू याव्यात. डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं कानापासून अंतर मोजलं, चष्म्याची काडी आणि टोपी आड येत नाही ना ते बघितलं, पेननं ठिपका दिला. भुलेचं इंजेक्शन देण्याआधी बारीक सुई टोचून कातडीची जाडी मोजली.

"आधी का?" मिस्त्रींनी विचारलंच.

"औषधानं कातडी फुगते. मग माप खोटं येतं."

"बरोबर. टॅपेटचं मापसुद्धा इंजिन गार असतानाच घ्यायचं," मिस्त्री म्हणाले, आणि आपण योग्य हातांत आहोत याची त्यांची खात्री पटली.

पंच बघितल्यावर तर त्यांना घरच्यासारखंच वाटलं. गॅस्केटला भोक पाडायचा असाच एक त्यांच्या खोक्यात होता. मग नळी बसली, सिस्टरनं पाण्याची धार सोडली आणि ड्रिल हाडाला लागलं. अहाहा! दोन महिने गोधडीतून ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात कुणी तरी दारं-खिडक्या उघडल्या. आधी तीन मिलिमीटरचं भोक, तळाशी हाड आहे ना याची तपासणी, मग चारचं, मग तोंड रुंद करणारं तिसरं ड्रिल. प्रत्येकाचा सूर वेगळा. मिस्त्री डोळे मिटून अंगठा वर करत होते. जबडा हलवायचा नाही म्हणून बजावलं नसतं तर त्यांनी मानधन न घेता धावतं वर्णन केलं असतं.

शेवटी स्क्रू आत जाऊ लागला, अगदी सावकाश, आणि ठरलेल्या ताकदीला मशीन आपोआप थांबलं. एवढ्यावर मात्र मिस्त्रींना राहवेना.

"अजून पाव आटा!"

"मिस्त्री, हे हाड आहे. जास्त आवळलं तर मरतं."

"नुसता पाव."

"सिस्टर, यांच्या तोंडाला पण काही बसवता येतं का बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खुंटीवर प्लॅस्टिकची टोपी आणि औषधाची पट्टी लावून मिस्त्री घरी आले. सोबत एकच पथ्य: सहा आठवडे स्क्रूला हात लावायचा नाही. हाडाला तो धरू द्यायचा. केसभर जरी हलत राहिला तरी हाड सोडून देतं.

आता बघा, दारुड्याला बाटली समोर ठेवून सहा आठवडे बसवा, तो कदाचित बसेल. पण मिस्त्रीच्या स्वतःच्या डोक्यात नवा बोल्ट, आणि त्यानं तो तपासायचा नाही? शिवाय धंद्याचा नियम आहे, की हेड बसवलं की गाडी थोडी पळवायची आणि मग बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. दहाव्या दिवशी दुपारी मिस्त्रीणबाई मोरीतून आल्या, तर नवरा आरशापुढे मान तिरकी करून उभा.

"काय चाललंय?"

"केस विंचरतोय," मिस्त्री बायकोचे ओठ आरशात बघून म्हणाले.

"पान्यानं?"

पाना जप्त झाला. पण जित्याची खोड ती, जाते कुठे? तिसऱ्या आठवड्यात तोच बसवाला आला, पुलीवाला. खरं तर तो पलीकडेच जायला निघाला होता, लॅपटॉपवाल्याकडे रांग होती म्हणून इकडे वळला. मिस्त्रींनी कवळी काढून स्क्रू ड्रायव्हर धरायला बघितलं. डुलणारा तिसरा दात त्याच क्षणी हातात आला. बसवाल्यानं किल्ली परत खिशात टाकायला सुरुवात केली.

मिस्त्रींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बॉनेटच्या आड गेले, प्लॅस्टिकची टोपी काढली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या खुंटीवर टेकवली. मग काय विचारता! दात म्हणजे कच्चा रस्ता होता, हा हमरस्ता. "वॉटर पंपाचं बेअरिंग," ते बाहेर येऊन म्हणाले. उघडलं, तर तेच. बसवाल्यानं हात जोडले. मिस्त्री घरी शीळ घालत गेले, जी त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हती.

तीन दिवसांनी तपासणी होती. पट्टा बांधला गेला, डॉक्टरीणबाईंनी टोपी काढली आणि खुंटीभोवती कापूस फिरवला.

"मिस्त्री, हे काय?"

"घाम."

"घाम काळा असतो?"

"गॅरेजातला असतो."

डॉक्टरीणबाईंनी कापूस नाकाजवळ नेला. "ग्रीस आहे हे!" मग त्यांनी एक बारकं यंत्र खुंटीजवळ धरलं. स्क्रू हाडात किती पक्का बसलाय त्याचा आकडा त्यावर येतो. आकडा ऑपरेशनच्या दिवशीपेक्षा बराच खाली होता. "काय केलंत ते खरं सांगा. हा निघाला तर दुसरी जागा शोधावी लागेल. मग नळी-बिळी नाही, लांब छेद घेऊन सगळं उघडून बघणार मी."

उघडणार म्हटल्यावर मिस्त्रींनी सगळं ओकून टाकलं. दात, कवळी, पुली, समोरचा फुटपाथ, आणि आपण मुळात इंजिनासाठीच इथे आलो होतो, हेसुद्धा. बोलून झाल्यावर त्यांना आठवलं की मिस्त्रीणबाई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या आहेत.

"म्हणजे माझ्या हाकेसाठी नाही," त्या एवढंच म्हणाल्या, आणि पर्स उचलून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

दोन दिवस त्यांनी हनुवटी टेकवली नाही. जेवण वाढलं, कपडे दिले, सगळं खुणांनी. पडदे गेल्याला चाळीस वर्षं झाली होती, पण आपण बहिरे आहोत असं मिस्त्रींना पहिल्यांदाच वाटलं. चूक आपली, हे त्यांना कळत होतं. म्हणायचं कसं, ते कळत नव्हतं. इंजिनाची माफी मागावी लागत नाही, त्यामुळे सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक मालट्रक आला. दात नाही, खुंटीला हात लावायची सोय नाही. मिस्त्री इंजिनापुढे उभे राहिले आणि उगाच ऑइल तपासत बसले. हात हळूच टोपीकडे निघाला. तेवढ्यात मागून कुणी तरी त्यांच्या मनगटावर सणसणीत चापट मारली.

मिस्त्रीणबाई! पदर खोचलेला, चेहऱ्यावर अजून दोन दिवसांचा राग. "तुमचा भरवसा नाही म्हणून आलेय, दुसऱ्या कशासाठी नाही," त्या ओठ नीट हलवून म्हणाल्या. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ आपल्या धडधाकट कानाला लावली. ऐकलं. पुढे सरकून पुन्हा ऐकलं. ट्रकवाला, त्याचा भाऊ आणि चार रिकामटेकडे बघत होते. बाईंनी एकदा सगळ्यांकडे रोखून बघितलं, मिस्त्रींच्या डाव्या बाजूला हनुवटी टेकवली आणि म्हणाल्या,

"टक्-टक्-टक्-घुर्रर्र, टक्-टक्-टक्-घुर्रर्र."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "घुर्र लांब आहे की आखूड?"

"लांब. शेवटी जरा शिंकल्यासारखं. घुर्रर्र-फिस्."

"पुढून की मागून?"

"पुढून दुसरं."

"दुसरा नोजल," मिस्त्री म्हणाले. उघडलं, तर डिझेल फवारणारा दुसरा नोजलच. रिकामटेकड्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीणबाई लाजून लाल झाल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

तीन आठवडे हे चाललं. बाई किरकिरल्या, फुरफुरल्या, खोकल्या, एकदा तर भर रस्त्यात गिअरबॉक्ससारख्या किंचाळल्या. समोरचा लॅपटॉपवाला काम सोडून बघायला यायचा. मधल्या वेळात दोघं स्टुलावर बसून चहा प्यायचे, आणि हनुवटी टेकलेलीच असल्यामुळे घरातल्या राहिलेल्या गोष्टीही होऊन जायच्या. अशाच एका चहाला मिस्त्री म्हणाले, "चुकलं माझं." बाईंनी हनुवटी काढली नाही. "आवाज आला," त्या म्हणाल्या.

सहा आठवडे भरले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र धरलं आणि मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटले. आकडा वर गेला होता, चांगला घसघशीत. हाडानं स्क्रू धरला होता. "नशीब तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मशीन खुंटीवर टिचकन बसवलं.

पंखा. सिस्टरच्या चपला. कागद. लांब कुठे तरी नळ. मिस्त्री मान वळवून वळवून ऐकू लागले.

"बोला आता काही तरी, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तीस वर्षं वाट बघितलेल्या मिस्त्रीणबाईंची वाचाच बसली. "घरी बोलेन," त्या पुटपुटल्या. घरी जाईपर्यंत मिस्त्रींचं डोकं आवाजांनी भणभणलं, आणि पहिल्या दिवशी थोडाच वेळ लावायचं म्हणून सांगितलेलं, त्यामुळे मशीन डबीत गेलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तोच बसवाला हजर. मिस्त्रींनी मशीन लावलं, वरून कापडी टोपी घातली आणि बस चालू करायला सांगितली. चार पावलांवरून त्यांना कळलं: तिसरा टॅपेट. स्क्रू ड्रायव्हर नको, दात नको, कुणी नको. नाव राहिलं, धंदा राहिला. मिस्त्रींनी मोठा श्वास घेतला, आणि तेवढ्यात मिस्त्रीणबाई पदर खोचून कोपऱ्यावरून येताना दिसल्या. मिस्त्रींनी टोपी मशीनवर नीट ओढली. आता उद्यापासून ही कशाला येईल?

"जमलं का?" बाईंनी विचारलं.

"छे!" मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "या मशीनला गाडीतलं काही कळत नाही. माणसांपुरतंच आहे ते. काढून ठेवलं मी. तूच ऐक."

बाईंनी ऐकलं, डावीकडे हनुवटी टेकवली. "टक्का-टिक्, टक्का-टिक्." टोपीखाली चालू मशीन, त्यात हाडातून थेट आवाज. मिस्त्रींच्या डोक्यात नगारखाना झाला, पण चेहरा त्यांनी देवासारखा शांत ठेवला. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. बाईंनी पुन्हा केलं. "टिक् जरा नीट कर." बाईंनी नीट केलं.

"तिसरा टॅपेट," मिस्त्री अखेर म्हणाले आणि इंजिन बंद करायला सांगून, पाना घेऊन बसच्या पुढे वाकले.

मिस्त्रीणबाई हात पुसत स्टुलाकडे गेल्या. मिस्त्रींच्या टोपीची उजवी बाजू जरा वर आलेली त्यांनी बघितली होती. त्या स्टुलापाशी थांबल्या, पाठमोऱ्याच, आणि चहाच्या कपाशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या,

"अहो."

"ओ," मिस्त्री म्हणाले.

पाना हातातून सुटून खाली पडला. तोही त्यांना ऐकू आला. बसवाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. मिस्त्रींनी हळूच मान वर केली. बाई अजून पाठमोऱ्याच होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते, हसून की रडून ते मागून कळत नव्हतं.

"काय गं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नुसती हाक मारली."